कडेची चार बोटे

माझ्या काचेखाली वाळूचा एक कण अडकलेला आहे. डाव्या कडेपासून एकेचाळीस मिलिमीटर, वरच्या कडेपासून एकशे बारा. रंग फिकट तांबूस, आकार मोहरीच्या दाण्याच्या पाव हिश्श्याएवढा. काच बाहेरून कितीही पुसली तरी तो निघत नाही, कारण तो आतल्या बाजूला चिकटला आहे. मी या गावात आल्यानंतर जेवढी चित्रे घेतली, त्या प्रत्येकात त्याच जागी एक ठिपका आहे.

मित्रांनो, कागदाचे पान पाहून त्याचे चित्र संगणकाकडे पाठवणे हे माझे काम. लोक मला स्कॅनर म्हणतात. माझ्या पोटात एक लांबट दिवा आहे. तो रुळावरून सरकतो आणि त्याच्याबरोबर बारीक डोळ्यांची एक रांग सरकते. मला संपूर्ण पान एकदम कधीच दिसत नाही. एका वेळी केसाएवढी एक ओळ दिसते. ती मी पुढे देतो आणि पुढची पाहतो. माझ्याजवळ काही साठवून ठेवण्याची सोय नाही.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. माझी काच बसवणाऱ्या बाईने पांढरे हातमोजे घातले होते आणि श्वास रोखून धरला होता, एवढेच मला आठवते. मग जहाज, मग राजधानीतल्या एका कचेरीचे कोठार. तिथे मी दोन वर्षे पेटीत होतो. शेवटी कोणीतरी माझ्या पेटीवर ‘तिन्सिरा’ असे लिहिले आणि बसच्या टपावर बांधून मला दक्षिणेच्या वाळवंटातल्या त्या गावी पाठवले. चौदाशे किलोमीटर. वाळूचा कण आत शिरला तो त्याच प्रवासात.

तिन्सिराचे सार्वजनिक वाचनालय म्हणजे निळ्या खिडक्यांची एक खोली. नऊ कपाटे, एक टेबल, आणि मुलांसाठी सहा बुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथे मैमूना काम करत होती. वय एकतीस, चष्मा, आणि कोणतीही गोष्ट दोनदा मोजण्याची सवय. झाडलोट आणि चहा मसऊदाकडे होता. दोघी एकाच वर्षी जन्मल्या होत्या. एकीच्या घरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बागांचे मालक, दुसरीच्या घरचे त्याच बागांत राबणारे.

मैमूनाला नव्या साधनांची फार ओढ होती. तिने पुस्तकांची यादी संगणकावर चढवली. घराबाहेर पडू न शकणाऱ्या बायकांना ती फोनवर रोज एक प्रकरण वाचून पाठवू लागली. जुनी हस्ताक्षरे ओळखून छापील अक्षरांत मांडणारे एक साधन तिने आठवडाभर खपून शिकून घेतले. पहिल्या पानाचे उत्तर आले, तेव्हा मसऊदाने तिच्या खांद्यावरून डोकावून विचारले, “काय म्हणतंय?”

“उंट. मग परत उंट. मग तेवीस. मग उंट.”

“वाळवंटातलं पुस्तक आहे. बरोबरच असेल.”

“अगं, हे नमाजाच्या वेळांचं पुस्तक आहे.”

“मग उंट नमाजाला निघाले असतील. तू फार शंका काढतेस.”

तेव्हा मैमूनाने ठरवले की अक्षरे ओळखण्याचा नाद सोडायचा आणि पानांची नुसती चित्रे घ्यायची. तिच्या घराण्याचा जुना ग्रंथसंग्रह होता, एका मातीच्या खोलीत, लाकडी पेट्यांमध्ये. पाने शिवलेली नव्हती. सुटी पाने चामड्याच्या वेष्टनात बांधून ठेवण्याची तिकडची रीत. खोलीची किल्ली मैमूनाचे काका मौले तुहामी यांच्या कमरेला असे. वडील वारल्यापासून मैमूना आणि तिची आई त्यांच्याच घरात राहत होत्या.

मला उचलून त्या खोलीत नेण्यात आले. स्वयंपाकघरातून तार ओढली. घरात कोणी कपडे धुण्याचे यंत्र लावले की माझा दिवा विझायचा, आणि मैमूना ओरडायची, “आई, दहा मिनिटं थांब.” काका रोज उंबऱ्यात जपमाळ घेऊन बसत. परवानगी त्यांनी दिली होती, पण एका अटीवर.

ती अट तुम्हाला समजली पाहिजे. त्या गावात कागद दुर्मीळ होता आणि ग्रंथ पवित्र. ग्रंथ कोणी फाडणार नाही, जाळणार नाही, विकणार नाही. म्हणून जे टिकावे असे वाटे ते लोक ग्रंथाच्या कडेला लिहून ठेवत. मध्ये विद्या, आणि कडेच्या चार बोटांत घर. कोण कधी जन्मले, कोणाची बायको रागावून माहेरी गेली, कोणी कोणाला काय दिले.

“मजकूर जगाला दाखव,” काका म्हणाले. “ती विद्या आहे, ती अडवणारा मी कोण? पण कडेचं आमच्या घरातलं आहे. माझ्या आजीचं भांडण फ्रान्समध्ये बसून कोणी वाचू नये.”

“काका, कडेशिवाय पान अर्धं वाटतं.”

“दाढी काढलेला माणूस अर्धा असतो का? जरा विचित्र दिसतो, एवढंच.”

मैमूना हसली. तिलाही ते पटले होते. घरातले घरात राहावे, या शिकवणीत तीही वाढली होती. शिवाय कड सोडली की चित्र लहान होत असे, आणि तिथल्या संथ इंटरनेटवरून ते लवकर चढत असे.

आता माझ्या कामाची रीत सांगतो. मी पान दोनदा पाहतो. पहिल्यांदा घाईने, भरड नजरेने, सगळेच्या सगळे. ते नुसते पडद्यावर दिसते. कुठेही साठत नाही. मग मैमूना त्यावर एक चौकट आखते. दुसऱ्यांदा मी सावकाश पाहतो, इंचाला सहाशे ठिपके, पण चौकटीच्या आतलेच. तेवढेच राहते. पहिल्या नजरेला सारे दिसते आणि काही उरत नाही. दुसऱ्या नजरेला उरते ते कोणीतरी आधीच निवडलेले असते.

ग्रहताऱ्यांच्या ग्रंथाचे एकशे सदतिसावे पान माझ्यावर ठेवले, तेव्हा काका नमाजासाठी उठून गेले होते. पानाचा खालचा कोपरा जळालेला होता. भरड चित्र पडद्यावर आले आणि मैमूना पुढे झुकली.

“मसऊदा, इकडे ये. इथं तुझ्या खापरपणजोबांचं नाव आहे.”

“माझ्या? पुस्तकात?”

“कडेला. ऐक. ‘सालेम, ज्याने अकरा वर्षे आमच्या फोग्गाऱ्यात खोदकाम केले, त्याला आणि त्याच्या वंशजांना दोन हब्बा पाणी, जोवर पाणी वाहते तोवर.’ खाली दोन साक्षीदार. त्यातला एक माझा पणजोबा.”

फोग्गारा म्हणजे जमिनीखालून खणत आणलेला पाण्याचा बोगदा. त्या गावाचे सगळे हिरवेपण त्या एका बोगद्यावर उभे आहे. गावाच्या तोंडाशी दगडी फणी आहे. तिच्या दातांमधून प्रत्येक घराचा वाटा वेगळा होऊन आपापल्या बागेकडे जातो. हब्बा म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या छिद्रातून पडणारी धार.

मसऊदाने पडद्यावर बोट ठेवले. तिला छापील अक्षरे वाचता येत; हे वळण तिला वाचता येत नव्हते. “यातलं सालेम कुठलं?”

“हे.”

“केवढंसं आहे. अकरा वर्षं खोदलं त्यानं.” थोडा वेळ ती पाहत राहिली. मग म्हणाली, “त्याचं नाव कापू नकोस ना.”

“अगं, हे चित्र आहे. मूळ पान आहेच की. ते कुठं जातंय?”

आणि तिने चौकट आखली. माझा दिवा सरकला. जिथे सालेमचे नाव होते, तिथून मीही सरकलो. पण माझ्याकडून त्या जागेची एकही ओळ मागितली गेली नाही.

ते माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले वर्ष होते. तीन हजार आठशे सोळा चित्रे. सारी जगासमोर मांडली गेली. दूरदूरच्या गावांतून, समुद्रापलीकडून लोक लिहू लागले. “आजोबांच्या गावचे हस्ताक्षर पाहून डोळे भरले,” असे एकाने लिहिले. एका विद्वानाने माझ्या वाळूच्या कणावर दोन पाने टिपण लिहिले. तो ठिपका प्रत्येक पानावर एकाच जागी येतो, त्या अर्थी ती लेखनिकांच्या एखाद्या गुप्त पंथाची खूण असावी, असे त्याचे मत होते. मैमूनाने त्याला नम्रपणे खरे काय ते कळवले. त्याने उत्तर दिले नाही. नभोवाणीची माणसे आली. मैमूनाला सन्मानाचा एक कागद मिळाला, काचेत बसवलेला. तो अजून भिंतीवर आहे.

मित्रांनो, कौतुकाच्या दिवसांतच दुर्लक्षाला सुरुवात होते. हे मला तेव्हा माहीत नव्हते.

त्या घराण्यात दर वसंतात एक काम असे. अंगणात चटया टाकायच्या, साऱ्या पेट्या बाहेर आणायच्या, पान नि पान उन्हात पसरून त्यावर खडा ठेवायचा, पेट्या झटकायच्या, कोपऱ्यात कडू पाला टाकायचा आणि संध्याकाळी सारे परत बांधायचे. तीन दिवस लागत. घरच्या बायका, बागेतली माणसे, सगळे राबत. माझी चित्रे जगासमोर गेली, त्याच्या पुढच्या वसंतात मैमूनाच्या आईने काकांना विचारले, “पानं कधी काढायची?”

काका म्हणाले, “आता कशाला? पोरगी म्हणते, सगळं वर ढगात ठेवलंय.” मग हसून पुढे म्हणाले, “इथं ढग दिसला तर लोक घराबाहेर येऊन बघतात, आणि आपली पुस्तकं त्यात ठेवलीत.”

मैमूना तिथेच होती. ती काही बोलली नाही. तिच्या हातात तेव्हा नवे साधन होते आणि अंगणातल्या तीन दिवसांच्या कष्टातून सुटल्याचा थोडा आनंदही. त्या वर्षी पेट्या उघडल्या नाहीत. त्यानंतरच्या वर्षीही नाही.

तिसऱ्या वर्षी इंटरनेटवर जिथे चित्रे ठेवली होती ती जागाच बंद झाली. फुकटची होती. बंद करण्याआधी महिनाभर सूचना आली होती म्हणे, पण परक्या भाषेत, आणि ती जाहिरातींच्या ढिगात गेली. एके सकाळी मैमूनाने संगणकावर ते पान उघडले, तर कोरे. चित्रांची एक प्रत वाचनालयातल्या तबकडीवर होती, तेवढी वाचली. त्याच सुमारास नवा संगणक आला. त्याला माझी ओळख पटेना. मला जोडले की तो म्हणायचा, असे कोणतेही यंत्र नाही. मग मला खिडकीत ठेवण्यात आले आणि माझ्या झाकणावर चहाचे तबक आले. गरम किटलीचा गोल डाग अजून आहे.

चौथ्या वर्षी बोगदा आत कुठेतरी ढासळला. पूर्वी त्या फणीतून एकशे चाळीस हब्बा पाणी वाहत असे. दुरुस्तीनंतर मोजणाऱ्याने तांब्याची भोकांची पट्टी लावून मोजले, तर एकसष्ट. पंच बसले. त्यांनी ठरवले की वाटे नव्याने पाडायचे. ज्याच्याकडे लेखी पुरावा असेल त्याला त्याच्या प्रमाणात मिळेल. नसेल, त्याचा वाटा ज्या घराण्याने मुळात दिला त्याच्याकडे परत जाईल. वाट्यांची जुनी वही होती, पण ती पंधरा वर्षांपूर्वी पाण्याच्या लेखनिकाबरोबर शहरात गेली होती, आणि दोघांपैकी कोणीच परत आले नव्हते.

बातमी आली त्या दिवशी मसऊदाने केरसुणी भिंतीला टेकवली आणि सरळ टेबलापाशी आली.

“ते पान काढ.”

“कुठलं?” मैमूनाने विचारले, पण तिला कळले होते.

“बाबांकडे खजुराची चाळीस झाडं आहेत. बाग माझ्या दादानं सोडली, धाकट्यानं सोडली. सत्तर वर्षांचा म्हातारा एकटा खपतोय. पाणी गेलं तर दोन उन्हाळ्यांत सगळी झाडं वाळतील. झाडांआधी तो. पान काढ, मैमूना.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मैमूना ते वेष्टन कापडात गुंडाळून वाचनालयात घेऊन आली. तबक बाजूला करून तिने ते माझ्या झाकणावर ठेवले. ठेवताच मला चूक कळली. चित्रे घेताना त्या ग्रंथाच्या दोनशे चौदा पानांचे ओझे मी झाकणावर रोज झेलले होते. हे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचेही नव्हते.

चामडे धड होते. गाठ धड होती. आत मातीच्या बारीक नळ्या होत्या, एकमेकींत गुंतलेल्या, आणि त्यांच्या भिंतींना चिकटलेले कागदाचे तुकडे, सर्वांत मोठा नखाएवढा. वाळवी जमिनीतून पेटीत आली असणार. पेटी हलवली जात नव्हती, उजेड पडत नव्हता, कडू पाला नव्हता. तिला मजकूर आणि कड यांत काही फरक वाटला नव्हता.

मसऊदा म्हणाली, “हे कुठलं?”

“तेच.”

मैमूनाने तो नखाएवढा तुकडा उजेडात धरून पाहिला. मग मसऊदा म्हणाली, “चित्र तरी?”

मैमूनाने तबकडी लावली. एकशे सदतिसावे चित्र उघडले. स्वच्छ, सरळ, मधोमध. चारी बाजूंनी व्यवस्थित कापलेले.

त्यानंतरचे सहा आठवडे मी कधी विसरणार नाही. मैमूनाने जुना संगणक माळ्यावरून उतरवला, मला त्याला जोडले आणि भरड चित्रे कुठे उरली आहेत का ते शोधत राहिली. मी तिला सांगू शकलो असतो की नाहीत. तिने चित्र मोठे करणारी साधने वापरली, पुसट शाई उठावदार करणारी वापरली, अनोळखी लोकांना प्रश्न विचारले. एकशे सदतिसाव्या चित्राच्या डाव्या काठाला शाईचा एक फराटा तीन मिलिमीटर आत आला होता. एखाद्या अक्षराचे शेपूट. ते तिने चाळीसपट मोठे केले. ते कोणाच्याही नावाचे असू शकत होते.

मला वाटते, तिला हे ठाऊक होते. माणसाने बोलायचे ते यंत्राने बोलावे, असे तिला वाटत होते. तिने ते पान वाचले होते. डोळ्यांनी, दिवसाउजेडी, मोठ्याने. तेवढे सांगणे बाकी होते.

काका एकदा वाचनालयात आले. ते कधी येत नसत. त्यांनी एक बुटकी खुर्ची ओढली, तिच्याकडे पाहिले आणि उभेच राहिले.

“काय शोधतेस एवढं?”

“तुम्हाला माहीत आहे काका.”

“माझ्या बागेत एकशे दहा झाडं होती. आता अठ्ठेचाळीस आहेत. ते मोजलंस कधी?”

“तुम्हाला आठवतं का, सालेमच्या पाण्याचं?”

काकांनी जपमाळ मुठीत धरली. “मला आठवतं ते काही कागद नाही. लेखी आणा, मी त्याच दिवशी देतो. चोर नाही मी.”

“मी वाचलंय ते.”

“हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक. तिसऱ्याला कशाला? तुझी आई ज्या ताटात जेवते त्यात मीही जेवतो. त्या ताटाला पाणी एकाच फणीतून येतं.” दारापर्यंत जाऊन ते थांबले. “आणि कड तूच कापलीस. गाव मला नाही विचारणार, तुला विचारेल.”

ते रागाने बोलले नव्हते. त्यामुळे ते जास्त लागले. त्या दिवशी मैमूनाने जुना संगणक बंद केला आणि पुन्हा लावला नाही.

मसऊदा रोज येत होती. केर काढत होती, चहा ठेवत होती. मैमूनाशी कामापुरते बोलत होती. एकदा माझी काच पुसता पुसता, तिच्याकडे न बघता म्हणाली, “पंचांत बाईची साक्ष अर्धी धरतात. चाल आहे तशी.”

“माहीत आहे.”

“म्हणजे तू बोललीस तरी पूर्ण पाणी मिळणार नाही. बहुतेक काहीच मिळणार नाही.”

“मग?”

“मग काही नाही. मी तुला बोल म्हणत नाहीये. काच पुसतेय.”

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राकडून उपदेश ऐकायची तुम्हाला सवय असेल, की मला जपा, माझ्यावर धूळ बसू देऊ नका. माझे तसे काही मागणे नाही. माझे दिवस संपले आहेत आणि माझ्यावर चहाचे तबक ठेवले तरी चालेल. पण एखाद्या वस्तूचे चित्र तुमच्याजवळ आले म्हणून तिला उन्हात ठेवणे थांबवू नका. आणि चौकट आखताना, जे बाहेर राहते आहे ते कोणाचे आहे, हे एकदा विचारा. मी विचारले नाही. मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.

पंच वाचनालयात आले ती गुरुवारची सकाळ होती. खरे तर पाण्याची बैठक फणीपाशी भरते आणि तिथे बायका जात नाहीत. पण बा बर्कांनी, म्हणजे मसऊदाच्या वडिलांनी, पंचांना सांगितले होते की आपला कागद यंत्रात आहे. मसऊदाने वडिलांना सारे आधीच सांगितले होते. तरी पंचांनी एकदा डोळ्यांनी पाहावे, असा त्यांचा हट्ट होता. मग पाच म्हातारे त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. शाळेतले मास्तर लिहायला. काका खिडकीपाशी, माझ्याजवळ. बा बर्का दारात उभे, वहाणा हातात.

“आत या बा बर्का,” मैमूना म्हणाली.

“इथं ठीक आहे लल्ला. पायाला माती आहे.” मालकांच्या घरच्या बाईला तिकडे लल्ला म्हणतात.

तिने चित्र पडद्यावर आणले. पंचांतले सर्वांत वडील हाज बूजमा पुढे झुकले.

“फारच स्वच्छ दिसतंय.”

“इतकं स्वच्छ की त्यात काहीच नाही,” दुसरे म्हणाले. “यात चंद्र कधी उगवतो ते आहे. सालेम कुठं आहे?”

“कडेला होता,” मसऊदा म्हणाली.

“कड कुठं आहे?”

तेव्हा बा बर्का दारातून बोलले. “मला वाचता येत नाही. पण ते पान मी ओळखतो. वसंतात पानं उन्हात टाकायचे, तेव्हा चटईच्या कडेला बसून मी शेळ्या हाकायचो. माझ्या बापानं दाखवलं होतं. खालचा कोपरा जळका. दरवर्षी मी त्याच्यावर चांगला जड खडा ठेवायचो.”

एक-दोघे हसले, पण वाईट हसणे नव्हते ते.

हाज बूजमांनी काकांकडे पाहिले. “मौले तुहामी, तुमच्या घरचं पुस्तक. तुम्हाला काही माहीत?”

“लेखी असेल तर मी आजच देतो,” काका म्हणाले. “नसेल, तर पंच ठरवतील ते मला मान्य.”

“बा बर्का, जिवंत साक्षीदार आहे कोणी?”

बा बर्कांनी मैमूनाकडे पाहिले नाही. मसऊदानेही पाहिले नाही. ती तबकातले पेले सरळ करत होती. ते सरळच होते. बाहेर कोणाचे तरी गाढव ओरडत होते. एकसष्ट हब्बा पाणी तेव्हा वाहत होते, आणि मोजणारा म्हणाला होता की पुढच्या वर्षी तेवढेही राहणार नाही.

“मला कोणी नाही,” बा बर्का म्हणाले.

“मग काय करणार. आमचाही इलाज नाही.” हाज बूजमांनी मास्तरांकडे हात केला. “लिहा. सालेमच्या वंशजांच्या दोन हब्ब्यांबद्दल पुरावा मिळाला नाही. वाटा मूळ घराकडे...”

मास्तरांनी तारीख लिहिली. मग नाव लिहिले. मैमूना खुर्चीवरून उठली. तिने चष्मा काढला होता आणि तो कुठे ठेवावा हे तिला सुचत नव्हते. शेवटी तो तिने माझ्या झाकणावर ठेवला.

“मास्तर, थांबा,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “ते पान मी वाचलं आहे. सालेमला आणि त्याच्या वंशजांना दोन हब्बा, जोवर पाणी वाहते तोवर. खाली दोन साक्षीदार, एक माझा पणजोबा. कड कापा असं काकांनी सांगितलं होतं, पण कापणारा हात माझा होता. माझी साक्ष लिहा. अर्धी धरायची तर अर्धी धरा. पण आमच्या घराविरुद्ध आहे, हे पूर्ण लिहा.”